जोडीनं नाचताना गाणं ‘चुकीचं ऐकलं’ असं होऊ शकतं का?

कापसाची_खोली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबून सांगावा लागेल.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सात एकर वावर आहे, कापूस आणि तूर. त्याआधी नऊ वर्षं आम्ही दोघं पुण्यात नोकरीला होतो आणि तिथंच अर्जेंटिनी टँगो शिकलो. सासऱ्यांचं दुखणं निघालं तसे गावी आलो, ते कायमचेच. नाच मात्र सोडला नाही. घरात कापूस ठेवायची खोली आहे. वेचणी लागली की ती आढ्यापर्यंत भरते आणि आमचं सगळं बंद. कापूस विकला गेला की खोली झाडून घेतो, फरशी ओल्या फडक्यानं पुसतो, कोनाड्यात फोन आणि छोटा स्पीकर ठेवतो. रात्री जेवणं आटोपली की तासभर नाचतो. कितीही झाडलं तरी रुईचे पुंजके मोज्यांना चिकटतातच.

गेल्या महिन्यात एका मोठ्या शहरात दोन दिवसांचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचं एक जुनं गाणं लागलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९३५ नंतर ब्युनोस आयर्सची माणसं पुन्हा नाचायला धावली त्यात या माणसाचा मोठा वाटा होता. त्याला ‘तालाचा राजा’ म्हणत. ठोका कडक, तुटक, पाय आपोआप उचलले जातील असा. पियानोही मध्ये मध्ये रिकाम्या जागा पकडून टणत्कार करतो.

पण त्याच गाण्यात अर्ध्याच्या पुढं एक व्हायोलिन येतं. सगळ्यात जाड तारेवर, खर्जात. वर बाकीचे सगळे टाक-टाक-टाक करत असतात आणि हे एकटंच खालून लांब सूर ओढत जातं. मला ते ऐकू आलं की पाय घाई करत नाहीत. नवरा लीडर आहे, त्यानं छातीनं पाऊल सुचवलं की मी ते घेते, पण मोकळा पाय फरशीला घासत सावकाश आणते आणि वजन शेवटच्या क्षणी टाकते. ही माझी आवडती जागा आहे. तिची मी गाण्याच्या सुरुवातीपासून वाट बघते.

शिक्षकांनी तिथंच थांबवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, “हा दारिएन्सो आहे, दी सार्ली नाही. तुमचं संगीत चुकतंय.” कार्लोस दी सार्लीचे सूर लांब, तलम असतात, त्यावर संथ चालतात, हे मलाही माहीत आहे. पण जे व्हायोलिन त्या गाण्यात स्पष्ट वाजतंय, ते ऐकणं चूक कसं?

नवरा तिथं काहीच बोलला नाही. वर्ध्याला आर्वीची एसटी लागली, आम्ही बसलो, आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाला, “गाणं तं तुलेबी ऐकू येते अन् मलेबी. पन एकाच वक्ती दोघायचं वेगवेगळं कसं चालन?”

ते वाक्य मला शिक्षकांच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. एकटी नाचत असते तर प्रश्नच नव्हता. पण जोडीत गाण्याचा अर्थ कोण लावतो? लीडरला ऐकू येईल तेच गाणं आणि फॉलोअरनं पावलं पाळायची, असं असेल तर मला कान कशाला दिलेत? आणि तसं नसेल, तर एखाद्या जोडीला ‘तुमचा अर्थ चुकला’ असं तिसरा माणूस कशाच्या जोरावर सांगतो?

तबला, भजन, नाटक, कोणत्याही बाजूनं उत्तर आलं तरी चालेल. टँगोवालेच पाहिजेत असं नाही.

---

पाच_सहा_सात

मी यवतमाळचा, आता नागपुरात साल्सा शिकवतो. माझं मत सरळ आहे. चूक होते आणि ती दाखवता येते.

साल्सात आठ मात्रांत पाय १-२-३ आणि ५-६-७ वर पडतात, ४ आणि ८ मोकळे. कोणी पहिल्या मात्रेवर दिशा बदलतो, कोणी दुसऱ्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या पद्धतीनं. एकाच गाण्यावर दोन्ही बरोबर. पण जो एकदा १ वर, एकदा २ वर, एकदा कुठंच नाही असा वाहत जातो, त्याला ‘हा माझा अर्थ आहे’ म्हणता येत नाही. त्याला ताल सापडलेला नसतो, एवढंच. तसंच क्लावेचं, म्हणजे साल्साच्या मूळ ठेक्याचं. दोन आवर्तनांत मिळून पाच ठोके, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. ते उलटे धरले तर वाजवणाऱ्याला लगेच खटकतं.

स्पर्धेत तर हे मोजतातच. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनच्या गुणपद्धतीत चार गोष्टी बघतात. तंत्र, संगीताशी जुळणारी हालचाल, जोडीदारी आणि रचना-सादरीकरण. ताई, तुम्ही ठोक्याबाहेर गेला होता का, एवढंच आधी बघा. गेला असाल तर शिक्षक बरोबर.

---

कापसाची_खोली

भाऊ, ठोक्याबाहेर गेले नव्हते असं मला वाटतं. दोन ठोक्यांना एक पाऊल घेत होते, पण पडत होतं ते ठोक्यावरच. तुम्ही सांगितलेल्या यादीत ‘संगीत’ आणि ‘जोडीदारी’ असे दोन वेगळे रकाने आहेत. माझा सगळा घोळ त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर आहे. माझं पाऊल संगीतात बसत असेल आणि तरी नवऱ्याच्या पावलात बसत नसेल, तर गुण कुठल्या रकान्यातले कापायचे?

---

खंजिरी_तिवसा

ताई, मी नाचणारा नाही. आमचं गाव तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीपासून जवळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्याकडं घराघरांत. मी सत्तावीस वर्षं भजनी मंडळात खंजिरी वाजवतो, तबलाही थोडा शिकलो. तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप आली नाही म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट. आमच्याकडं ‘सम चुकली’ ही चूक आहे आणि तिला दुसरं नाव नाही. तीनतालात सोळा मात्रा फिरून पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, यायचं. नववी मात्रा ‘खाली’, म्हणजे बिनटाळीची. समेवरच हात हवेत गेला की समोरचा म्हातारासुद्धा मान हलवायचा थांबतो. त्याला शास्त्र माहीत नसतं, पण मान थांबते.

पण समेच्या आधी मुद्दाम येणं आणि समेच्या नंतर मुद्दाम येणं, ही दोन्ही आमच्याकडं मान्य आहेत. नावंसुद्धा आहेत, अनागत आणि अतीत. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं चुकला, आणि पुढच्याच बोलात कळतं की नाही, ह्याला सम कुठं आहे ते पक्कं ठाऊक होतं. मग चूक आणि अतीत यांतला फरक बाहेरून कसा ओळखायचा? माझा अनुभव सांगतो. त्या एका ठोक्यावरून ओळखता येत नाही. त्याच्यानंतरच्या चार ठोक्यांवरून येतो. ज्याची चूक झाली तो धावतो, म्हणजे मध्येच दोन मात्रा खाऊन जागा गाठतो. ज्यानं मुद्दाम केलं तो धावत नाही. तुमच्या शिबिरातल्या नाचाची कोणी चित्रफीत घेतली असेल तर ओढलेल्या पावलाकडं बघू नका. त्याच्या पुढची चार पावलं बघा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मी एकटा वाजवत नाही, गाणाऱ्याच्या मागं वाजवतो. वयाच्या पंचविशीत मला हाताची फार हौस होती. एकदा काकडआरतीच्या दिवसांत एका गावी आमचे बुवा एक ओळ लांबवत होते. शेवटचा शब्द ते सोडतच नव्हते, डोळे मिटलेले. मला वाटलं जागा रिकामी आहे, भरून काढावी. मी त्या जागेत खंजिरीच्या झांजांसकट दोन पट लयीत काय काय वाजवलं. एकही मात्रा चुकली नाही. समेवर बरोब्बर आलो. बुवांनी ओळ सोडून दिली आणि दुसरं भजन घेतलं.

रात्री जेवताना मी विचारलं, चुकलं का? ते म्हणाले, “हिशेब चुकला नाही बाप्पा. मी तिथं एकटाच उभा होतो अन् तू गाडीभर माणसं घेऊन आला.”

ताई, मात्रेचा हिशेब बरोबर असून मी चुकलो होतो. गाण्यानं चूक ठरवली नाही, माझ्यासोबतच्या माणसानं ठरवली. तरी मी वाजवलं ते ‘ऐकणं’ खोटं होतं का? नाही. तेच बोल मी पुढच्या वर्षी त्याच भजनात, बुवांनी माझ्याकडं बघून हात सैल केल्यावर वाजवले. तेव्हा त्यांनीच “वा” केलं.

तुमच्या मालकांना विचारा, त्या व्हायोलिनच्या जागी ते तुमच्याकडं ‘बघत’ होते का? नाचात बघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक.

---

वडसा_मंच

झाडीपट्टीतून लिहितो. देसाईगंज-वडसा. दिवाळीपासून होळीपर्यंत आमची नाटकं चालतात, रात्र रात्र. मी ऑक्टोपॅड वाजवतो.

एक फरक कोणी सांगितला नाही. मंचावर मुलगी नाचते तेव्हा मी तिचे पाय पाहत असतो. तिनं गिरकी लांबवली तर मी रोल लांबवतो, ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो. ती एखाद्या गावात प्रेक्षकांची शिट्टी आली म्हणून थांबते, आम्हीही थांबतो. म्हणजे आमच्याकडं गाण्याचा अर्थ ती लावते आणि गाणं तिच्यापाशी येतं. त्यामुळं तिचं ‘चुकलं’ असं फार क्वचित होतं, आम्ही चुकू देत नाही.

तुमचा वाद्यवृंद ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी वाजवून गेला. तो तुमच्यासाठी एक मात्रासुद्धा थांबणार नाही. मग वाकायचं कोणी? दोघांपैकीच एकानं. म्हणून तुमच्या नाचात दोघांत खेच होते आणि आमच्यात होत नाही, असं मला वाटते. कधी जमलं तर एखाद्या हार्मोनियमवाल्याला त्या खोलीत बसवून नाचून पाहा. त्याला टँगो आला नाही तरी चालते. फक्त तुमचे पाय पाहा म्हणा.

---

जिवती_रोड

आमच्याकडं लग्नात ढेमसा नाच असतो. ढोलाचा ठेका बदलला की सगळ्या रांगेचे पाय बदलतात. कोणाला काय ऐकू आलं हे कोणी विचारत नाही. बाजूच्याच्या अंगाला अंग लागून असते, चुकला तर त्याला कळते आणि तोच नीट करून घेते. तिसऱ्याला सांगावं लागत नाही.

---

अकोटची_परदेशी

मूळ अकोट, बारा वर्षांपासून बाहेरच्या देशात टँगो नाचते, दोन्ही भूमिका करते. तुमच्या शिक्षकांशी मी सहमत नाही.

दारिएन्सोवर फक्त ठोका नाचायचा, दी सार्लीवर फक्त सूर, पुग्लिएसे या तिसऱ्या वाद्यवृंदवाल्यावर फक्त नाट्य, हे नवशिक्यांना शिकवायचं सोपं कोष्टक आहे. तेवढ्यापुरतं ते चांगलं. पण दारिएन्सोच्या वाद्यवृंदात ते खर्जातलं व्हायोलिन कोणी चुकून वाजवलेलं नाही. कितीतरी ध्वनिमुद्रणांत ते आहे, ती त्यांची ओळखच आहे. कडक ठोक्यावर ते सोडलं की दोन्ही उठून दिसतात. ते ऐकणाऱ्या फॉलोअरला गप्प करणं मला पटत नाही.

पण एक वेळ अशी आहे की मीही चूक म्हणेन. गर्दीच्या मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्यात, सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेनं एकामागून एक फिरतात. समोर जागा मोकळी झाली, मागची जोडी पाठीशी येऊन ठेपली आणि तुम्ही व्हायोलिनवर उभ्या, तर ते चूक. संगीतात बरोबर असलं तरी चूक. शिबिरात गर्दी होती का?

आणि लीडरच्या बाजूनं एक सांगते. मी लीड करते तेव्हा समोरची कधी वेळ घेणार आहे हे मला आधी कळलं तर मला आनंदच होतो, मी तिच्यासाठी जागा करते. कळलं नाही तर मी पुढच्या पावलात शिरलेली असते आणि मला माझं वजन परत ओढावं लागतं. गुडघ्याला जाणवतं ते.

---

कापसाची_खोली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण खोलीत करून बघत होतो. आता जे सापडलं ते सांगते.

शिबिरात गर्दी नव्हती, आठच जोड्या होत्या. चित्रफीत मात्र मिळाली, एका मुलीनं काढलेली, आमची जेमतेम चाळीस सेकंदं.

तिवस्याच्या भाऊंनी सांगितलं तसं ओढलेल्या पावलाकडं न बघता पुढची चार पावलं बघितली. पहिल्या दोनदा मी धावलेली नाही. तिसऱ्यांदा धावले. स्पष्ट दिसतं. टाच नीट टेकायच्या आत दुसरा पाय निघाला आहे.

मग रात्री खोलीत एकेकट्यानं चाललो. आधी तो, मी फक्त त्याचे पाय बघायचे. मग मी, त्यानं बघायचं. तो प्रत्येक ठोक्यावर चालतो, पियानोच्या टणत्कारावर कधी अर्ध्यात एखादं जास्तीचं पाऊल घालतो, आणि ते इतकं नेमकं असतं की मला एवढ्या वर्षांत कळलंच नव्हतं की तो पियानो ऐकतो. मला वाटायचं तो मोजतो. मी चालले तेव्हा तो म्हणाला, “तू बरोबर चालून राह्यली, पन तुहं गाणं मायाहून मोठं आहे.” मोठं म्हणजे लांब आवर्तनाचं. त्याचा एक घास दोन ठोक्यांचा, माझा आठांचा.

सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. त्यांना आमच्या नाचात रस नाही असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, “आम्ही तिफणीच्या मागं चाडं धरून ज्वारी पेरत जाओ. बैल चालन तसं चालाच लागे. पन मूठ आपली राहे. बैल कितीबी जोरात चालला तरी मूठ हळू सोडता ये. फक्त हाकणाऱ्याले सांगा लागे, का आता जमीन पातळ आहे, मी मूठ आखडून राह्यली.” मी विचारलं, कसं सांगायच्या? म्हणाल्या, “बोलून नाही. चाड्याचा दोर जरासाक ताणला का त्याले समजे.”

दुसऱ्या रात्री तेवढंच केलं. व्हायोलिन यायच्या आधी दोन ठोके माझा डावा हात त्याच्या पाठीवर असतो तो किंचित जड केला. बोटं नाही दाबली, फक्त कोपराचं वजन सोडलं. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्याची छाती थांबली, त्यानं पुढचं पाऊल सुचवलंच नाही, आणि मला पाय आणायला पूर्ण चार ठोके मिळाले. तेवढ्या वेळात त्यानं काय केलं असेल? जागच्या जागी, माझ्या लांब पावलाच्या आत, पियानोचे दोन टणत्कार त्यानं टाचेनं वाजवले. मी व्हायोलिन, तो पियानो. गाणं एकच, आणि दोघांचं वेगवेगळं एकाच वक्ती चाललं.

त्यानंतर बऱ्याचदा फसलं. दहातून तीन-चारदा जमतं.

त्यामुळं आता माझं म्हणणं असं झालं आहे. शिबिरात चित्रफितीतल्या तिसऱ्या जागी मी चुकले होते. व्हायोलिन ऐकलं म्हणून नाही. मी वेळ घेतला आणि तो ज्याच्याकडून घेतला त्याला सांगितलं नाही. त्याचा उजवा तळवा माझ्या पाठीवर दाबला गेलेला दिसतो, तो मला सावरत होता, आणि मी मात्र गाण्यात मश्गूल. पहिल्या दोन जागी चूक नव्हती आणि ती होती असं मी मान्य करणार नाही. शिक्षकांना मी तसंच लिहून पाठवलं आहे, चित्रफितीतल्या सेकंदांसकट. उत्तर आलं तर इथं टाकेन.

पाच_सहा_सात भाऊ, गुण जोडीदारीच्या रकान्यातले कापा, संगीतातले नका कापू.

वडशाच्या दादांची सूचना डोक्यात बसली आहे. गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका बैलांना चारा टाकून झाला की येतो म्हणाले. त्यांना मी टँगो वगैरे काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं पाय बघून वाजवा.

आणि तिवस्याचे भाऊ, अनागत म्हणजे समेच्या आधी येणं, बरोबर? खंजिरीवर त्याचं एखादं उदाहरण फोनवर रेकॉर्ड करून इथं टाकता येईल का? आधी साधं आवर्तन, मग तेच अनागत. मला ते पायात घालून बघायचं आहे. खताच्या बॅगा खोलीत यायला अजून तीन आठवडे आहेत.